दुसऱ्याच्या पायाखालचा क्लच

आमच्या घरात एकाच आठवड्यात दोन लर्निंग लायसन्स आली. एक मुलाचं, त्याला नुकतीच अठरा पूर्ण झाली होती. दुसरं माझं. त्याला गाडी शिकायची होती कारण मित्र शिकत होते. मला शिकायची होती कारण नाशिकच्या अंबडला कंपनीत हिशेब सांभाळताना महिनाअखेरीला निघायला रात्रीचे आठ-साडेआठ होतात, त्या वेळी रिक्षावाले मागतील तो भाव द्यावा लागतो, आणि नवऱ्याची नोकरी फिरतीची असल्यानं गाडी दारात धूळ खात उभी असते. चाळिशी मागे पडली तरी स्कूटरवरून फोर व्हीलरवर यायचं राहूनच गेलं होतं. म्हटलं, दोघं बरोबरच शिकू, फीमध्ये थोडी सवलत तरी मिळेल. (मिळाली नाही.)

लर्निंगचं काम आता घरबसल्या होतं. 2021च्या जूनपासून महाराष्ट्रात आधार क्रमांकावर ओळख पटवून ही परीक्षा घरूनच देता येते. आधी रस्ता सुरक्षेचा एक व्हिडिओ बघायचा, मग कॅमेऱ्यासमोर बसून प्रश्न सोडवायचे. पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास. मुलानं ते मोबाइलवरच्या खेळासारखे पटापट उडवले आणि उठून दही-पोहे खायला गेला. मी चष्मा लावून एकेक वाचत होते. एक प्रश्न अजून लक्षात आहे: हातात पांढरी काठी घेतलेली अंध व्यक्ती रस्ता ओलांडत असेल तर चालकानं काय करावं? उत्तर असं की, ती काठी हीच थांबण्याची खूण समजायची. मला हे माहीत नव्हतं. तर्कानं बरोबर आलं. नंतर मनात आलं, पंधरापैकी सहा चुकली तरी चालतात, आणि त्या सहांत पांढरी काठी असली तरी चालतं.

माझं वय चाळीसच्या वर, म्हणून डॉक्टरांचा दाखलाही लागला. फॉर्म 1अ. आमचे डॉक्टर जुन्या वळणाचे. त्यांनी मला दवाखान्याच्या पायरीवर उभं केलं आणि समोरच्या मेडिकलपुढं लावलेल्या गाडीचा नंबर वाचायला लावला. मला वाटलं चेष्टा करताहेत. पण फॉर्मवर खरंच तसं आहे: चांगल्या दिवसाच्या उजेडात पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे. डॉक्टर सही करता करता म्हणाले, “दिवसा दिसतं हे मी लिहून दिलं. रात्रीचं तुमचं तुम्ही बघा.”

मग ड्रायव्हिंग स्कूल. नाव सांगत नाही, कारण ओळखीपाळखीत ज्यांना ज्यांना विचारलं त्यांचा अनुभव थोड्याफार फरकानं असाच होता. सकाळी साडेसहाला गाडी यायची. गाडीत आधीच दोघं-तिघं बसलेले असायचे. एकजण चालवणार, बाकीचे मागे. गंगापूर रोडवरून एकाला घ्यायचं, मखमलाबादला दुसऱ्याला सोडायचं, आणि त्या सोडण्या-आणण्यालाच शिकवणं म्हणायचं. मागे बसलेल्यांनी ‘बघून शिकायचं’. सर स्वभावानं चांगले होते, कधी आवाज चढवला नाही. पण त्यांचा एक हात कायम माझ्या स्टेअरिंगवर आणि दोन्ही पाय त्यांच्या बाजूच्या पेडलवर. शाळेच्या गाडीला दुहेरी कंट्रोल असणं नियमानंच बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे, नवशिक्याला दुसरा काय आधार? पण आधार म्हणून दिलेल्या त्या पेडलांवरच सगळी गाडी चालत होती. मी क्लच सोडायच्या आत तो त्यांनी सोडलेला असायचा. मी ब्रेककडे पाय नेईपर्यंत गाडी थांबलेली असायची. आठवडाभरात माझी एकदाही गाडी बंद पडली नाही, तेव्हा मला वाटलं, जमतंय की आपल्याला.

मुलालाही तेच वाटत होतं, आणि त्यानं तसं स्टेटसही ठेवलं होतं.

माझा धंदा हिशेबाचा, त्यामुळे रजिस्टर दिसलं की नजर जातेच. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे खासगी हलक्या वाहनाचं शाळेतलं प्रशिक्षण किमान एकवीस दिवस चाललं पाहिजे आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान दहा तास झाले पाहिजेत. कुणी किती तास चालवली याची नोंद शाळेनं एका ठरलेल्या रजिस्टरमध्ये ठेवायची असते, त्यालाही फॉर्म नंबर आहे, 15. हे मी नंतर शोधून वाचलं. त्या दिवशी एवढंच झालं की सरांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून रजिस्टर काढलं आणि म्हणाले, “ताई, महिन्याच्या सह्या आजच करून टाका. रोज कुठं पेन शोधत बसायचं!” मी म्हटलं, रोजच्या रोज करीन. ते हसले. मुलानं मात्र मागच्या सीटवरून हात लांबवून सगळ्या रकान्यांत फर्रकन सह्या ठोकल्या. माझ्यापुढं एखाद्या कामगारानं महिन्याच्या मस्टरवर अशा सह्या केल्या असत्या तर मी त्याला साहेबांपुढं उभं केलं असतं. इथं कुणाला काही वाटलंच नाही.

आणि त्या नोंदलेल्या तासांत काय होतं? सकाळचा रिकामा रस्ता. ऊन नाही, पाऊस नाही, अंधार नाही, गर्दी नाही. नाशिकची सकाळी पावणेसातची वाहतूक म्हणजे दूधवाले, पेपरवाले आणि चालायला निघालेले पेन्शनर.

शाळा संपल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या गाडीत बसले तेव्हा शेजारी अण्णा होते. अण्णा आमच्याच इमारतीत राहतात, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. शिकाऊ चालकाशेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा, आणि गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी तो बसलेला हवा, असा नियम आहे. नवरा घरी नव्हता, म्हणून मी अण्णांना विचारलं. ते लगेच हो म्हणाले, फक्त एक अट घातली: पुढं-मागं पांढऱ्यावर लाल एल लावायचा, आणि तो बोटभर नाही, अठरा सेंटिमीटरची पाटी असते तसा. बाजारातून आणलेलं गोड गुलाबी स्टिकर त्यांनी फाडून टाकलं.

मी किल्ली फिरवली, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. गाडीनं उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा तेच. कॉलनीच्या गेटपाशी जरासा चढ आहे, तिथं गाडी मागे सरकायला लागली आणि अण्णांनी शांतपणे हँडब्रेक ओढला. “पोरी,” ते म्हणाले, “इतके दिवस गाडी त्यानं चालवली. तू नुसतं स्टेअरिंग धरून बसली होतीस.” मुलगा मागं बसून खिदळत होता. त्याची पाळी आली तेव्हा त्याचीही तीच गत झाली.

अण्णांच्या शाळेत पहिला दिवस गाडी सुरूच झाली नाही. गाडीभोवती फेरी मारायची, टायर बघायचे, खाली काही गळतंय का बघायचं, काचा पुसायच्या. मग त्यांनी मला सीटवर बसवलं, आरसे लावून घेतले आणि मुलाला गाडीच्या मागच्या उजव्या कोपऱ्याजवळ उभं केलं. “दिसतो का?” आतल्या आरशात नाही, बाहेरच्या आरशात नाही. पोटचा पोरगा हाकेच्या अंतरावर उभा आणि तीन आरशांत कुठंच नाही. लेन बदलताना मान का वळवायची हे मला त्यानंतर कुणी सांगावं लागलं नाही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे सांगितलंच गेलं नव्हतं.

दुसरा धडा संध्याकाळी सहाचा, द्वारका. ज्यांनी द्वारका चौक संध्याकाळी पाहिला नाही त्यांना काय सांगणार. मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन मोठे रस्ते तिथं एकमेकांत घुसतात, वरून उड्डाणपूल गेला तरी खालची गर्दी काही हटत नाही. रिक्षा, सिटी बस, पुण्याच्या गाड्या, हातगाडी, आणि मधूनच रस्ता ओलांडणारी माणसं. अण्णा म्हणाले, “इथं वेगाचं काम नाही, हाफ क्लचचं आहे. आणि हॉर्नला भिऊ नको. मागचा वाजवतो ते त्याचं काम, तू पुढं बघायचं.” माझ्या तळहातांना घाम सुटला होता. सिग्नल हिरवा झाला आणि गाडी बंद पडली. मागच्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली, एलची पाटी बघितली आणि गुपचूप बाजूनं निघून गेला. अठरा सेंटिमीटरचा उपयोग.

रात्रीची गाडी आम्ही दिंडोरी रोडवर शिकलो. कांद्याचे आणि द्राक्षांचे ट्रॅक्टर ज्यांनी त्या रस्त्यावर बघितले आहेत त्यांना पुढचं कळेल. ट्रॉलीला मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला, आणि समोरून येणारा अप्परवरच, म्हणजे दिव्यांचा झोत थेट डोळ्यांत. डोळे दिपले की दोन-तीन क्षण समोर नुसता पांढरा पडदा, आणि त्या पडद्यामागे ट्रॉली असू शकते. अण्णांनी शिकवलं ते असं: समोरच्याच्या दिव्यात बघायचं नाही, डावीकडच्या पांढऱ्या पट्टीकडे बघायचं, पाय रेसवरून काढायचा, आणि आपण वेळेत डिपर द्यायचा, म्हणजे झोत खाली करायचा, तो देवो न देवो. यातलं एकही वाक्य शाळेत ऐकलं नव्हतं. डॉक्टरांचं ‘रात्रीचं तुमचं तुम्ही बघा’ मला तिथं समजलं.

पण सगळ्यात जास्त शिकले ते सावळघाटात. जुलै लागला होता. पेठ रोड म्हणजे आम्हा नाशिककरांना आरटीओ ऑफिसचा रस्ता. त्याच रस्त्यानं पुढं गेलं की सावळघाट लागतो आणि मग पेठ. गुजरातकडे जाणारे ट्रक याच राष्ट्रीय महामार्गानं, 848 नंबरच्या, रात्रंदिवस चालतात. शहरातून निघालो तेव्हा पावसाची भुरभुर होती. घाटाच्या तोंडाशी पोचेपर्यंत धुकं गाडीच्या बॉनेटवर येऊन बसलं होतं. मला परत फिरायचं होतं. अण्णा म्हणाले, “लायसन्स मिळाल्यावर एकटी येशील तेव्हा धुकं नसेल, असं कुणी लिहून दिलंय का?”

उतारावर त्यांनी मला दुसऱ्या गिअरमध्ये ठेवलं. ब्रेकवर पाय सारखा ठेवायचा नाही, इंजिनच गाडी धरून ठेवतं. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचा विचार मनात आणायचा नाही. तेवढ्यात पुढच्या वळणावरून करपल्यासारखा वास आला. एक ट्रक कडेला उभा होता, चाकांतून धूर निघत होता, आणि ड्रायव्हर बाटलीतलं पाणी पीत बसला होता. अण्णांनी बोट दाखवलं आणि काही बोलले नाहीत. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हेही तिथं कळलं. चढावर थांबलेली जड गाडी पुन्हा निघणं किती अवघड असतं ते समोरच दिसत होतं. हा अण्णांचा किंवा एसटीचा शिष्टाचार नाही, वाहन चालवण्याच्या अधिकृत नियमांत तो आहे.

परतताना चढावर नेमका पुढचा टेम्पो थांबला, आणि मला थांबावं लागलं. मागे एक गाडी, तिच्यामागे ट्रक. हँडब्रेक लावला. पहिला गिअर. क्लच हळूहळू वर, इंजिनचा आवाज जरा जड होईपर्यंत, पुढचा भाग किंचित उचलल्यासारखा होईपर्यंत. मग रेस, मग हँडब्रेक खाली. गाडी तसूभरही मागे न येता निघाली. मला वाटतं, माझं गाडी शिकणं त्या क्षणी सुरू झालं. तोवर शाळेची फी, लर्निंग, डॉक्टर, सगळं उरकून झालेलं होतं.

मुलगा घाटात माझ्यापेक्षा बरा चालवत होता, हे मान्य करायला हवं. पण त्याला भीती वाटत नव्हती, आणि अण्णांना त्याचीच काळजी होती. एका वळणावर त्यानं पुढच्या पिकअपला ओव्हरटेक करायला गाडी बाहेर काढली. पलीकडे काय आहे ते धुक्यात दिसत नव्हतं. अण्णांनी “मागे ये” एवढंच म्हटलं, पण ज्या आवाजात म्हटलं तो मी त्यांच्याकडून त्याआधी ऐकला नव्हता. खाली उतरल्यावर त्यांनी त्याला चहा पाजला आणि छत्रपती संभाजीनगर रोडवरच्या मिरची चौकाचा विषय काढला. 8 ऑक्टोबर 2022च्या पहाटे तिथं यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस आणि ट्रक यांची धडक होऊन बस पेटली, झोपेतली माणसं गेली. “स्टेअरिंगवर लायसन्सवालीच माणसं असणार,” अण्णा म्हणाले. “एसटीत आम्हाला लायसन्स असूनही आधी ट्रेनिंग, मग टेस्ट, मग गाडी. तुम्हाला लायसन्स दिलं की चाळिशीपर्यंत कुणी विचारायचं नाही.” हे त्यांनी उगाच नव्हतं म्हटलं. मोटार वाहन कायद्यातल्या 2019च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत लायसन्स काढलं तर ते चाळीस वर्षं पूर्ण होईपर्यंत चालतं. म्हणजे माझ्या पोराला जवळजवळ बावीस वर्षं कुणी पुन्हा रस्त्यावर बसवून बघणार नाही. माझं मात्र दहा वर्षांनी संपेल.

आता टेस्टबद्दल. लर्निंग मिळाल्यावर तीस दिवसांच्या आत पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येत नाही, आणि लर्निंग सहा महिन्यांत संपतं. त्या मधल्या काळात स्लॉट घेऊन आम्ही दोघं पेठ रोडला गेलो. इन्स्पेक्टर तरुण होते आणि त्यांनी मला सगळं व्यवस्थित करायला लावलं: आरसे, पट्टा, इंडिकेटर, मागे घेणं, थांबणं. माझी टेस्ट पास झाली. मुलाची झाली नाही. त्यानं रिव्हर्स घेताना मागं न बघता फक्त आरशात बघितलं, आणि इन्स्पेक्टरांनी तिथंच थांबवलं. मला मनातून बरं वाटलं, आईला वाटू नये तसं. आठवड्यानं तो पुन्हा गेला. निदान सात दिवस थांबावं लागतं. या वेळी पास झाला, पण परतताना सारखं म्हणत होता, “आई, एवढ्यासाठी नापास करतात का कुणी?” मी त्याला त्या दिवशीचा गाडीमागचा उजवा कोपरा आठवायला सांगितला.

परीक्षा कडक करा, असं सगळे म्हणतात. ऑफिसात, कट्ट्यावर, टीव्हीवर. मी नियम काढून वाचले, आणि मला आश्चर्य वाटलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 15 मध्ये परीक्षेत काय काय बघायचं ते लिहिलंय, आणि त्यात उतारावर पटकन खालचा गिअर टाकणं आहे, तीव्र चढावर थांबून गाडी मागे न सरकू देता पुन्हा निघणं आहे, अडचणीत थांबवणं आहे, अरुंद जागेत गाडी घालणं आहे. कागदावरची परीक्षा मुळीच सोपी नाही. पण कुठल्याही मैदानात रात्र आणता येत नाही, पाऊस पाडता येत नाही, कांद्याची ट्रॉली उभी करता येत नाही. काही मिनिटांच्या परीक्षेत माणूस किती तास रस्त्यावर होता ते दिसत नाही. म्हणून मला कडकपणा हवाय तो तासांच्या बाबतीत. तास खरे हवेत, आणि ते कुठल्या रस्त्यावर, कुठल्या वेळी झाले तेही लिहिलेलं हवं.

माझी भाची जर्मनीत स्टुटगार्टला असते. तिच्याकडून कळलं की तिथं नव्यानं लायसन्स काढणाऱ्या माणसाला दीड-दीड तासाचे चौदा थिअरीचे वर्ग आणि शिवाय बारा खास फेऱ्या कराव्याच लागतात: पाच शहराबाहेरच्या रस्त्यावर, चार आउटोबानवर, म्हणजे तिथल्या वेगवान महामार्गावर, तीन अंधारात. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये पंचवीसच्या आतल्या शिकाऊंना एकशेवीस तास वहीत नोंदवावे लागतात, त्यातले वीस रात्रीचे. मुलानं हे ऐकून डोळे मोठे केले. “एकशेवीस तास! तेवढ्यात मी गाडी बनवायला शिकेन.”

आपल्याकडेही वरच्या दर्जाची सोय कायद्यात आली आहे. 1 जुलै 2021पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू झाले. हलक्या वाहनाचा कोर्स एकोणतीस तासांचा, जास्तीत जास्त चार आठवड्यांत पुरा करायचा, त्यातले एकवीस तास प्रत्यक्ष. सिम्युलेटर पाहिजे, किमान एकरभर जागा पाहिजे, आणि तिथून पास झालं की आरटीओची टेस्ट द्यावी लागत नाही. ऐकायला छान. पण हे सक्तीचं केलं तर काय होईल, याचा विचार करताना मला आमच्या कंपनीत कँटीनला असलेला मुलगा आठवतो. पेठ तालुक्यातल्या पाड्यावरून आलेला. त्याला पिकअप चालवायची आहे, गिरणारे-दिंडोरीकडून मार्केटला टोमॅटो आणायला. एक दिवसाचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. त्याला चार आठवडे शहरातल्या केंद्रात कोण बसू देणार, आणि फी कोण भरणार? ज्याला परवडत नाही तो लायसन्सशिवाय चालवेल. आजही चालवतात. 2019च्या दुरुस्तीनं विनापरवाना चालवण्याचा दंड पाच हजार झाला म्हणून कुणी थांबलेलं दिसत नाही.

आणि त्याच मुलाबद्दलची दुसरी गोष्ट. हलक्या वाहनाचं लायसन्स असलं की साडेसात टनांपर्यंतचं मालवाहू वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर 2024मध्ये कायम केलं. रोजगाराच्या दृष्टीनं निर्णय मोठा आहे, मला तो चुकीचा वाटत नाही. पण माझ्या पर्समध्ये जे कार्ड आहे, त्याच कार्डावर भरलेला टेम्पो सावळघाटातून उतरवता येतो. अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “तुला देऊ का एखादा?”

दुचाकीचं तर कुणी बोलतच नाही. 2022मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, आणि त्यांतले चव्वेचाळीस टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे होते. कडक प्रशिक्षणाची सगळी चर्चा मात्र फोर व्हीलरची. मी स्कूटर कशी शिकले? वडिलांनी सायकलमागे धावावं तसं मागून धरून. आमच्या शेजारची मुलगीही तशीच शिकली, आणि तिची मुलगीही तशीच शिकेल. सोळा वर्षांच्या मुलाला पन्नास सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवायचं लायसन्स मिळतं, पण दुकानात त्या मापाची पेट्रोलची गाडी दाखवा मला. कॉलेज रोडला अकरावीची पोरं ज्या चालवतात त्या एकशेदहा-एकशेपंचवीसच्या. 2021मध्ये नाशकात हेल्मेट नसलेल्यांना पोलिस ट्रॅफिक पार्कमध्ये दोन तासांच्या समुपदेशनाला पाठवत होते. आमच्या ऑफिसातले एक गृहस्थ त्यात सापडले होते. चिडून गेले आणि विचारात पडून परत आले. तीस वर्षं स्कूटर चालवून झाल्यावर रस्त्याबद्दल कुणी समोर बसवून शिकवलेले ते त्यांचे पहिले दोन तास.

मला विचाराल तर मी सुरुवात शाळेच्या रजिस्टरपासून करीन. दहा तासांचा नियम आजही आहे, तो पाळला तरी खूप होईल. हजेरी बोटाच्या ठशावर घ्या, गाडीला जीपीएस लावा, चालवणारा कोण आणि किती वेळ ते आपोआप नोंदू द्या. रेशन दुकानात अंगठा चालतो तर इथं का नाही? मग त्यावर तास वाढवा, पण ते शाळेतच झाले पाहिजेत असं नको. अण्णांसारखी, दहा-वीस वर्षांचं स्वच्छ लायसन्स असलेली माणसं प्रत्येक कॉलनीत आहेत. त्यांच्या शेजारी बसून केलेले तास वहीत धरा, रात्रीचे आणि पावसातले वेगळे लिहा. तालुक्यांना आयटीआय आहेत, एसटीचे डेपो आहेत. पेठच्या मुलाला नाशिकला यायला लावण्यापेक्षा शिकवणाऱ्यानं तिकडं जावं. यात फसवाफसवी होणार, हे मलाही कळतं. वहीत खोटे तास लिहिले जातील. पण आत्ता तर वहीच नाही, आणि आहे ती कशी भरली जाते ते मी बघितलंय. शिवाय बायकांचा वेगळा प्रश्न आहे: घरच्या पुरुषानं शेजारी बसून दोन तास द्यायचे, तेही न ओरडता, हे किती घरांत होतं? माझ्या नवऱ्यानं एकदा बसून बघितलं. त्यानंतर आम्ही दोघांनी ठरवलं की अण्णाच बरे.

मुलगा आता शहरात एकटा चालवतो. रात्री नाही, आणि घाटात तर नाहीच, हा आमचा घरचा कायदा आहे. त्याला तो अन्याय वाटतो, बाहेरच्या देशांत नवशिक्यांवर असे निर्बंध सरकारच घालतं हे त्याला सांगून उपयोग झालेला नाही. मी अंबडहून रात्री स्वतः येते. गाडी अजून कधीतरी बंद पडते, पण आता ती माझ्याच क्लचमुळे बंद पडते.

गेल्या महिन्यात माझ्या जावेनंही शिकायचं मनावर घेतलं. तिची शाळा वेगळी, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मी तिला एवढंच सांगितलं होतं की पैसे भरण्याआधी तासांचं रजिस्टर दाखवा म्हण. मालक म्हणे जरा गोंधळले, “मॅडम, हे कुणी विचारत नाही हो.”

“मग दाखवलं का?” मी विचारलं.

“दाखवलं ना. चालू बॅचचं होतं. पुढच्या आठवड्याच्या सह्यासुद्धा झालेल्या होत्या.”